सहावं नाव

आमच्या घरी शुक्रवार सुरू व्हायचा तो केसांना इस्त्री करण्याने. आखातातल्या, अल नहदा भागातल्या अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये अम्मी आधी रुबीनाआपाला आणि मग मला पलंगाच्या कडेला बसवायची आणि केसांची एकेक बट त्या तापलेल्या चिमट्यातून ओढून काढायची. जळक्या केसांचा आणि खोबरेल तेलाचा तो वास कुठल्या सलूनच्या दारात आला की आजही मी मान आत ओढून घेते. ते यंत्र आणलं त्या दिवशी अम्मी दुकानातच मोठ्याने म्हणाली होती, "दीडशे दिरहम? म्हणजे साडेतीन हजार रुपये, केसांना?" पण घेतलं. आमचे केस नुसते कुरळे असते तर कौतुकच झालं असतं. ते घट्ट वेटोळ्यांचे, फणीचे दात मोडणारे होते. आपाचे थोडे, माझे पुरते. "हे तुमच्या बाजूचे," असं अम्मी म्हणायची आणि अब्बा मोबाइलमध्ये डोकं घालायचे. अब्बांच्या बाजूचे म्हणजे नक्की कोणाचे, हे आमच्याकडे कोणी कधी बोललं नव्हतं. न बोलायची इतकी सवय झाली होती की त्यात काही लपवलंय असंही वाटत नसे.

फुफी आली आणि ती सवय मोडली. अब्बा रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. मूळचे आम्ही मुरूडकडचे, खाडीकाठच्या एका गावातले कोकणी मुसलमान. फुफी म्हणजे अब्बांची आत्या. अब्बा लहान असतानाच त्यांची आई गेली आणि या आत्यानेच त्यांना कडेवर वागवून मोठं केलं. तिचं नाव हमीदा, पण अब्बा फुफी म्हणायचे म्हणून आम्हीही फुफीच म्हणायचो. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गावी बघणारं कोणी नव्हतं, तेव्हा अब्बांनी तिला तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. विमानतळावर ती व्हीलचेअर नाकारून चालत बाहेर आली. उंच, काळीभोर, रुंद कपाळाची. ओढणी मागे सरकलेली आणि तिच्याखाली ते पांढरेशुभ्र, घट्ट वेटोळ्यांचे केस. ट्रॉल्या गोळा करणारी एक आफ्रिकन बाई तिला बघून थांबली, हसली आणि आपल्या भाषेत भराभर काही बोलू लागली. आपल्याच मुलखातली कोणी आजी आली असं तिला वाटलं असणार. फुफीला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी तिने त्या बाईचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मला त्याची गंमत वाटली. अम्मीकडे पाहिलं तर तिचा चेहरा उतरला होता. "यल्ला, चला चला, पार्किंगचा टाइम संपतोय," अब्बा म्हणाले. पार्किंगला अजून अर्धा तास होता, हे मला पक्कं आठवतं.

फुफीची गादी आम्हा बहिणींच्या खोलीत पडली. आमच्या इमारतीवरून विमानं इतकी खालून जायची की खिडकीची काच थरथरायची; पहिले काही दिवस प्रत्येक विमानाला फुफी कलमा म्हणायची, मग तिने नाद सोडला. पहाटे तिच्या गुडघ्यांची कटकट ऐकू आली की समजायचं, नमाजला उठली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तांदळाची भाकरी थापल्याचा थप थप आवाज यायचा. बाजारची अरबी रोटी, कुब्बूस, खाऊन वाढलेल्या आम्हा मुलींना तिच्या भाकरीची चटक लागली. बरोबर भाजलेला सुका जवळा, वर कच्चा कांदा. अम्मी खिडक्या उघडायची, रूम फ्रेशनर मारायची, म्हणायची, "शेजारी काय म्हणतील?" पण पहिली भाकरी तव्यावरून तीच उचलायची. त्या दिवसांतली आमची अम्मी मला आता नीट दिसते. ती वाईट नव्हती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाबरोबर एका घरात राहिलं की ती भीती आपल्याला कधी लागते ते कळत नाही.

दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी मगरिबच्या, दिवेलागणीच्या नमाजानंतर, फुफी गेलेल्यांच्या नावाने फातिहा द्यायची. वाटीभर नारळाच्या दुधातली खीर, पाण्याचा पेला आणि गॅसवर लाल केलेल्या कोळशावर लोबान. धुराने अलार्म वाजू नये म्हणून अब्बा खुर्चीवर चढून छतावरच्या डिटेक्टरला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून ठेवायचे. फुफी ओंजळ पसरून नावं घ्यायची. पुरुषांची नावं अब्बांनाही येत होती. ती झाली की अब्बा उठायच्या बेताला यायचे, पण फुफी बसूनच राहायची आणि बायकांची नावं सुरू करायची. आधी तिची आई, मग आईची आई, मग तिचीही आई. खैरून. जुलेखा. आमिना. सकीना. फुलबी. पाच नावं झाली की सहावं ती ओठांतल्या ओठांत घ्यायची आणि तोंडावरून हात फिरवायची. त्या सहाव्या नावाच्या वेळी खोलीत नेहमी काहीतरी अवघडल्यासारखं व्हायचं. अब्बा डिटेक्टरकडे बघत राहायचे.

त्या सुमारास शाळेत मला एक प्रोजेक्ट होता. चार्ट पेपरवर मी जगाचा नकाशा काढला होता आणि आफ्रिकेच्या डाव्या किनाऱ्यापासून अमेरिकेपर्यंत लाल स्केचपेनने जाडजाड बाण ओढले होते. फुफी शेजारी लसूण सोलत बसली होती.

"काय गो हे, सलमा?"

"हिस्टरी प्रोजेक्ट, फुफी. ब्लॅक हिस्टरी. आफ्रिकेतल्या लोकांना पकडून, शिपमध्ये घालून अमेरिकेला विकायला नेलं ना, ते."

तिने चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि आफ्रिकेच्या दुसऱ्या, उजव्या किनाऱ्यावर बोट ठेवलं. लसणाचा ओला ठसा तिथे उमटला. "या बाजूने नाय नेली?"

"नो, फुफी. दॅट्स द इंडियन ओशन."

"तेच विचारते. इकडून आलेल्या गलबतांना तू बाण काढले नायस."

"इकडून कोण आलं?"

"आपली बाई आली," फुफी म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

मी त्या वयात फार हुशार होते, म्हणजे जे वाचलं नाही ते घडलंच नाही असं समजण्याइतकी. लगेच अब्बांचं कपाट उघडलं. त्यात कोकणच्या इतिहासाचं एक जाड मराठी पुस्तक होतं. त्यात जंजिऱ्याच्या हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी सरदारांवर मोठं प्रकरण होतं: त्यांचा दर्यातला किल्ला, त्यांच्या तोफा, त्यांचं आरमार. मी ते मोठ्याने फुफीला वाचून दाखवलं आणि मला अंगात वीज आल्यासारखं झालं. म्हणजे आम्ही सरदार होतो! फुफी पोट धरून हसली. "आपले कुठले सरदार? सरदाराच्या घरी विहिरीवरनं पाणी आणायला एक पोर विकत आणलेली. ती आपली." अब्बा बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. ते दारात आले. "फुफी, पोरींच्या डोक्यात कशाला घालतेस हे? आपले पूर्वज अरब. व्यापारी होते." फुफी शांतपणे म्हणाली, "अरब होते, खरंय. गलबतात वर होते ते अरब. खाली कोण होतं ते मी सांगते." अब्बा दारातूनच परत फिरले. फुफीला उलट बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नाही.

शाळेच्या लायब्ररीत एक इंग्रजी पुस्तक सापडलं, या आखातातल्या जुन्या समुद्रव्यापाराचं. त्यात गलबतांचे फोटो होते, मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या माणसांचे होते, नाकाला चिमटे लावलेले, उघडे, काळे. त्यांतले कितीतरी आफ्रिकेच्या त्याच उजव्या किनाऱ्यावरून आणलेले होते, असं लिहिलं होतं, आणि तीच गलबतं पुढे आमच्या किनाऱ्यालाही जात. मी ते घरी आणून रोज दुपारी फुफीला मराठी करून सांगायला लागले. ममझारचा समुद्र घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. दर आठवड्याला आम्ही तिथे चिप्स खात बसायचो. ते पुस्तक वाचल्यावर मला त्या पाण्यात पाय घालवेना. एका पानावर लिहिलं होतं की विकत घेतलेल्या माणसांची जुनी नावं पुसून मालक नवी ठेवायचे: मोती, माणिक, केशर, बरकत असल्या अर्थांची. फुफीचा तसबीच्या माळेवरचा हात थांबला.

"तिचं नाव हाय त्यात?"

"नाही, फुफी. असं एकेकाचं नसतं पुस्तकात."

"मग पुस्तक पुरं नाय."

"तू सांग ना. मी लिहून ठेवते."

तिने मान हलवली. त्या नावाच्या मागे दुसरं नाव नाही, ती म्हणाली. पोर इतकी लहान होती की आपल्या आईचं नाव तिला सांगता आलं नाही. तिच्यापाशी सगळं संपतं, म्हणून ते नाव सगळ्यात शेवटी, बाकीची पाच पाठ झाल्यावर. "मी निघायच्या आधीच्या जुमेरातीला सांगेन. माझ्यानंतर तूच. दुसरं कोण ऐकतंय?" मी एक वही केली. पहिल्या पानावर पाच नावं लिहिली आणि सहावी ओळ कोरी ठेवली. ती वही मी गादीखाली ठेवायचे, कारण आमच्या घरात ती कोणाला दिसणं बरं नाही, हे मला कोणी न सांगता कळलं होतं.

आणि मग गाडीने दीडेक तासावरच्या खलिफा सिटीचं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, माणसं रत्नागिरीकडची, आमच्यातलीच. आपाला मुलगा पसंत होता; फोन घेऊन ती बाल्कनीत जायची आणि परत आली की विनाकारण माझ्याशी गोड वागायची. याआधीचं एक स्थळ असंच जमत आलं होतं. ती माणसं गावी चौकशी करून आली आणि गप्प झाली. कारण कोणी सांगितलं नाही, पण अम्मीला ते कळलं होतं. त्यानंतर आपा महिनाभर धड जेवली नव्हती. या वेळी मुलाच्या आईने फोनवरच हसत हसत विचारलं, "तुमच्या मुरूडकडे ते सिद्दी लोक पण असतात, नाही का?" अम्मीही हसली. "असतात ना, पण आमचा काही संबंध नाही हो." फोन ठेवल्यावर ती सोफ्यावर बसली आणि ओढणीच्या टोकाने कपाळ पुसत राहिली. शुक्रवारी सगळी मंडळी आमच्याकडे जेवायला येणार होती.

दोन दिवस अम्मी आणि अब्बा स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावून बोलत होते. फॅनच्या घरघरीतून एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू यायचा: फुफी. शेजारी पाठवावं, तर शेजारीण विचारणार. अब्बांच्या मित्राकडे न्यावं, तर काय सांगून? शेवटी फुफीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "मी आतल्या खोलीत बसते. पोरीचं भलं होऊ दे." अब्बांनी नाही म्हणायला हवं होतं. तेवढं एक वाक्य. त्यांनी फुफीच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन तासांचा तर प्रश्न आहे."

त्या शुक्रवारी सकाळपासून हवेत वाळू होती. समोरचे टॉवर दिसत नव्हते, नुसते त्यांच्या दिव्यांचे पिवळट ठिपके. अम्मीने आमचे केस दोनदा इस्त्री केले. माझी कानाची पाळी भाजली तरी मी हूं की चूं केलं नाही. हॉलमधल्या बॅगा, खोकी, कपड्यांचे ढीग सगळं तिने आपल्या बेडरूममध्ये कोंबलं आणि दार बंद करून टाकलं. फुफीची चांगल्या कपड्यांची बॅगही त्यातच गेली. ती अंगावरच्या विटक्या घरगुती कपड्यांतच आमच्या खोलीत गादीवर टेकून बसली, हातात तसबी घेऊन. मला तिच्यासोबत ठेवलं होतं, कोणी चुकून दार उघडू नये म्हणून. पाहुण्यांना सांगायचं, धाकटीचं डोकं दुखतंय.

पाहुणे एक वाजता यायचे होते ते रस्त्यावरच्या धुळीमुळे अडीचला आले. अम्मीने प्रत्येक गोष्टीचा हिशेब केला होता. बिर्याणीला दम किती, सरबतात बर्फ किती, कोणाला कुठे बसवायचं, आपाने किती वेळा ट्रे घेऊन यायचं. एकच गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही, आणि ती तर आमच्यात रांगत्या पोरालाही कळते. जेवणं आटोपता आटोपता असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान झाली.

पुरुष मंडळी खालच्या मशिदीत गेली. मी दाराला कान लावून उभी होते. भांडी उचलून झाल्यावर मुलाची दादी म्हणाली, "आम्हाला जरा नमाजला जागा दाखवा." अम्मी म्हणाली, इथेच हॉलमध्ये अंथरते. दादी म्हणाली, "इथे पुरुष येतील ना आता. ही मुलींची खोली का? चालेल की." अम्मीचा आवाज चिरकला, "तिथे धाकटीची तब्येत..." "मग तिला पण बघते," दादी म्हणाली, आणि माझ्या हाताखाली दाराची मूठ फिरली.

दादी आत आली, तिच्यामागे मुलाची आई, तिच्यामागे अम्मी. तिघींच्या नजरा एकदम फुफीवर गेल्या. फुफी भिंतीला टेकून बसली होती. नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून आल्यामुळे ओढणी खांद्यावर, केस उघडे. मुलाच्या आईने फुफीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या डोक्याकडे. दादीने सरळ मलाच विचारलं, "ही कोण गो?"

मी म्हणाले, "शी वर्क्स हिअर, आंटी."

असं का म्हणाले, याची पुढे मी पुष्कळ कारणं स्वतःला सांगितली. आपासाठी, अम्मीसाठी. ती सगळी खोटी आहेत. ती बाई माझ्या केसांकडे बघत होती आणि मला स्वतःसाठी भीती वाटली, एवढंच. वाक्य तयार असल्यासारखं तोंडातून आलं. अम्मीने डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. तिने मला दुरुस्त केलं नाही. मुलाची आई "ओह, ओके" म्हणाली आणि वजूला आमच्या खोलीतल्या बाथरूमकडे वळली. इथे घरोघरी आफ्रिकन बायका कामाला असतात, त्यात विचारायचं काय?

दादी पलंगावर टेकली आणि कामवालीशी बोलायच्या हिंदीत म्हणाली, "क्या नाम है तुम्हारा?"

फुफीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर मला झेपला असता. मग दादीकडे वळून ती स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, "मबरूका."

मी हे नाव आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकताक्षणी मला कळलं की हेच ते सहावं. बरकतीचंच ते रूप, पुस्तकातल्या यादीतलं.

"मबरूका, जरा पानी लाना."

फुफी भिंतीला हात लावून उठली. तिचे गुडघे वाजले. मी पुढे झाले, पण तिने मला एका बोटाने जागीच थांबवलं आणि बाहेर गेली. दार उघडंच होतं. हॉलमध्ये मशिदीतून परत आलेली मंडळी बसली होती. फुफी खोलीत आली की अब्बा नेहमी उठून उभे राहत, घरात कोणीही असो. ती त्यांच्यासमोरून स्वयंपाकघरात गेली आणि ट्रेमध्ये पेला ठेवून परत आली. अब्बांनी तिला पाहिलं. त्यांचे हात सोफ्याच्या कडेवर घट्ट झाले, अंग थोडं वर आलं, आणि ते पुन्हा बसले. मुलाच्या वडिलांना ते सांगत होते की यंदा धूळ फार आहे.

दादी पाणी प्यायली, रिकामा पेला न बघताच मागे धरला, आणि फुफीने तो घेतला.

संध्याकाळी होकार देऊन मंडळी गेली. मुलाच्या आईने आपाच्या बोटात अंगठी घातली होती. आपा अम्मीच्या गळ्यात पडून रडत होती. अम्मीने मला जवळ ओढलं आणि माझ्या कानात म्हणाली, "शहाणी गं माझी बाय ती." आपाचा संसार चांगला झाला, हे इथे सांगायला हवं. तिला दोन मुली आहेत. त्यांना फुफी कोण होती ते माहीत नाही.

मी खोलीत गेले. फुफी पाहुण्यांनी नमाजाला अंथरलेल्या जानमाजांच्या घड्या घालत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. माफ कर म्हणायचं होतं, पण मी नुसती एका जानमाजचं टोक धरून बसले. तिने एक घडी पुरी केली, दुसरी घेतली.

"नाव लिहून घेतलंस?"

मी मान हलवली. नाही.

"मग लिही. वही काढ."

मी गादीखालून वही काढली. सहाव्या ओळीवर पेन ठेवलं आणि तिथेच थांबले. फुफीने माझ्या मनगटाला धरलं. तिचा हात त्या पेल्यासारखा गार होता.

"ती असंच पाणी द्यायची," फुफी म्हणाली. "तुझ्या पुस्तकात हे नव्हतं ना? आता बघितलंस."